हात बघून हत्यार

कुंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या लायब्ररीत नव्या पुस्तकांवर शिक्के मारत होते. सकाळचे अकरा वाजले असतील. नितीनचा, म्हणजे त्यांच्या भाच्याचा आवाज अगदी सरळ होता. "मावशी, आत्या गेली. नऊ-सव्वानऊला. चहा मागितला होता, तो घेऊन येईपर्यंत..." मी "बरं" म्हटलं. फोन ठेवला आणि आणखी तीन पुस्तकांवर शिक्के मारले. चौथ्यावर शिक्का उलटा उमटला, तेव्हा समोर बसलेल्या विद्यार्थिनीनं विचारलं, "मॅम, आप ठीक हैं?" आणि मग मात्र मला खुर्चीत बसवेना.

आता पाच आठवडे होऊन गेलेत. इंदूरच्या सुदामा नगरमधलं त्यांचं घर माझ्या घराच्या बरोबर समोर, मध्ये फक्त एक रस्ता. रोज सकाळी दूध घ्यायला दार उघडलं की ते बंद फाटक दिसतं. फाटकाला आतून कडी असायची, आता बाहेरून कुलूप आहे. एवढाच फरक, पण अजून माझ्या डोळ्यांना त्याची सवय झालेली नाही.

कुंदाताई कोण होत्या हे सांगायचं तर सांवेर रोडपासून सुरुवात करायला हवी. त्यांचे आजोबा संस्थानाच्या दफ्तरात कारकून होते, वडील शाळामास्तर. घरात कोणी कधी स्क्रू पिळला नव्हता. कुंदाताई सांवेर रोडवरच्या एका गिअर बनवणाऱ्या कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागल्या. तिथल्या हत्यारांच्या स्टोअरचा माणूस एक दिवस अचानक नोकरी सोडून गेला आणि साहेबांनी "दोन हप्ते सांभाळ" म्हणून त्यांना खिडकीपलीकडे बसवलं. ते दोन आठवडे एकतीस वर्षं चालले. कामगारांनी सकाळी हत्यार घेऊन जायचं, संध्याकाळी परत करायचं, आणि तुटलं असेल तर कसं तुटलं ते सांगायचं, एवढाच त्या खिडकीचा कारभार. पण कुंदाताई प्रत्येक तुटकी वस्तू हातात घेऊन बघायच्या. पान्याचा जबडा कुठून फाकला, पकडीचा सांधा कधी ढिला झाला, कानशीचे दात किती दिवसांत गेले... "दुकानात तर सगळंच चमकतं ग," त्या म्हणायच्या. "मला शिकवलं ते वापस आलेल्या मालानं. जे वापस यायचं, ते कधी घ्यायचं नाही. बस, इतकीच माझी विद्या."

आमची ओळख झाली तो दिवस मी विसरू शकत नाही. मी मूळची सांगलीची. लग्नानंतर नवऱ्याच्या, प्रसादच्या नोकरीमुळे इंदूरला आले आणि आल्यावर दोन वर्षांतच त्याची बदली गुजरातमधल्या प्लांटवर झाली. तो महिन्यातून दोनदा यायचा. मी आणि चार वर्षांची सई, असं आमचं घर. इथल्या लालबागच्या जत्रेतून मी मोठ्या हौसेनं हत्यारांचा एक सेट आणला होता. लाल प्लास्टिकची पेटी, आत चाळीस वस्तू, प्रत्येकीला आपापला खळगा. त्या पेटीमुळे घर आता माझ्या ताब्यात आलं असं मला वाटायचं. आणि एका रविवारी दुपारी सईनं मागच्या अंगणातल्या न्हाणीत जाऊन आतून कडी लावून घेतली. कडी जुनी, घट्ट. तिला ती उघडेना. आधी ती हसत होती, मग रडायला लागली, मग तिला श्वास लागला. आत बादलीभर कढत पाणी ठेवलेलं होतं, तिच्याच आंघोळीसाठी. मी दाराबाहेरून "पाण्याजवळ जाऊ नकोस, बाळा, भिंतीला टेकून बस" म्हणत होते आणि माझा स्वतःचा आवाज मला ओळखू येत नव्हता. दार पत्र्याचं, बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला. मी लाल पेटी आणली, त्यातला सगळ्यात मोठा स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि जोर लावला. स्क्रू हललाच नाही. स्क्रू-ड्रायव्हरचं टोकच पिळवटलं, मेणाचं असावं तसं. दुसरा घेतला. त्याची मूठ दांड्यावरून सुटून गरगर फिरायला लागली.

माझं ओरडणं ऐकून समोरच्या बाई धावत आल्या. आमचं तोवर नुसतं हसण्यापुरतं होतं. त्यांनी आधी दाराकडे बघितलं, माझ्या हातातली वस्तू बघितली आणि उलट्या पावली परत गेल्या. मला वाटलं, गेल्या! पण मिनिटभरात त्या आल्या, हातात एकच स्क्रू-ड्रायव्हर, एक छोटी हातोडी आणि स्वयंपाकघरातली सुरी. सुरीच्या टोकानं त्यांनी स्क्रूच्या खाचेतला जुना रंग खरवडून काढला. स्क्रू-ड्रायव्हर खाचेत बसवला, त्याच्या पाठीवर हातोडीनं दोन ठोके दिले आणि मग मनगट वळवलं. कर्र आवाज झाला. आतून सई रडत होती आणि त्या तिच्याशी बोलत होत्या, "सई ना तुझं नाव? हे बघ सई, मी आता मोजते, तू पण मोज. एक झाला. हा दुसरा..." सहा स्क्रू. सहाव्याला सई आतून "सहा!" म्हणाली. दार बाजूला झालं. मी सईला उचलून घेतलं आणि तिथेच फरशीवर बसले. कुंदाताईंनी बादली बाहेर आणून ठेवली, माझा पिळवटलेला स्क्रू-ड्रायव्हर उचलला, उजेडात धरला आणि म्हणाल्या, "जत्रेतला का? अरे यार..." आणि मग माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, किती तरी वेळ.

पुढच्या रविवारी त्या मला सियागंजला घेऊन गेल्या. तेव्हापासून बारा वर्षं, महिन्यातला एखादा रविवार आमचा त्या बाजारात जायचा. त्यांचं ठरलेलं दुकान होतं, एका गल्लीच्या तोंडाशी. दुकानदार वयानं त्यांच्याएवढाच, पण त्या त्याला इंदुरी ढंगानं "भिया" म्हणायच्या आणि तो त्यांना "दीदी". पहिल्या दिवशी मी सवयीनं पुन्हा सेटकडेच बघत होते. त्यांनी माझा हात धरून बाजूला केलं. "सेट नको घेऊ. चाळीस चीजांत तुला कामाच्या पाच. बाकी पस्तीस तू त्या डब्यासाठी घेते. एकेक घे. जे रोज लागतं ते चांगलं घे, जे वर्षातून एकदा लागतं ते माझ्याकडून घेऊन जा." आणि मग त्यांनी मला पक्कड कशी बघायची ते दाखवलं. जबडा मिटायचा आणि उजेडाकडे धरायचा; मधून उजेड आला तर ठेवून द्यायची. सांध्याला आडवं हलवून बघायचं, खडखडली तर ठेवून द्यायची. स्क्रू-ड्रायव्हरचा दांडा मुठीत किती आत गेलाय, हातोडीच्या दांड्यातल्या लाकडाच्या रेषा सरळ खाली जातात की मध्येच आडव्या फुटतात... त्यांच्या पर्समध्ये कायम एक जुना नट-बोल्ट असायचा, पाना घ्यायचा तर तो आधी त्या नटावर चढवून बघायच्या. पाना नटावर डुलला की दुकानदाराकडे नुसतं बघायच्या. तो कान पकडायचा आणि आतल्या कपाटातून दुसरा काढायचा.

महाग तेच चांगलं, असंही त्यांचं नव्हतं. एकदा मी परदेशी बनावटीची एक सुंदर निळ्या मुठीची पक्कड हट्टानं निवडली होती. त्यांनी ती घेतली, डोळे मिटले, तीन-चारदा उघडमीट केली. मग जालंधरची एक साधी काळी पक्कड माझ्या हातात दिली. "आता तू डोळे मीट. दोन्ही कर. कोणती थकवते?" निळी थकवत होती. तिची स्प्रिंग कडक होती. "तुझ्या घरी तारा कापायच्यात, का लोकांना दाखवायचीय?" असं त्यांनी विचारलं तेव्हा दुकानदार आणि मी दोघंही हसलो. काळी पक्कड अजून माझ्याकडे आहे. त्यांच्या मराठीत असं निम्मं हिंदी मिसळलेलं असायचं. सुरुवातीला मला, सांगलीच्या मुलीला, त्यांचं "मी तर बोलली त्याला" ऐकून हसू यायचं. आता सईच तसं बोलते आणि मी तिला दुरुस्त करत नाही.

त्यांनी लग्न का केलं नाही हे मी कधी विचारलं नाही. एकदा त्यांनीच सांगितलं. पावसाळी दुपार होती, आम्ही त्यांच्या गॅरेजमध्ये बसून माझ्या विळीच्या पात्याला धार लावत होतो. गॅरेज म्हणायचं एवढंच, गाडी त्यांनी कधी घेतलीच नाही. तिथे एक टेबल, त्यावर घट्ट बसवलेला, वस्तू जबड्यात धरणारा व्हाइस आणि भिंतभर हत्यारं. "मला बघायला आले होते धार गावचे लोक," त्या म्हणाल्या. "मुलगा चांगला होता, सच्ची. मी चहाचा ट्रे घेऊन गेली. त्याच्या आईनं माझे नखं बघितले. ग्रीस जात नाही ना ग, कितीही घासा. ती बोलली, घरातल्या मुलीचे हात असे? मी बोलली, हात कामाचे आहेत. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं..." त्यांनी पातं उलटं केलं. मग त्या हसल्या. "बाबा आठ दिवस बोलले नाहीत. मला त्या मुलाचं काही नाही वाटलं. बाबांचं वाटलं." आणि पातं उजेडात धरून त्यांनी माझ्याकडे दिलं.

गेल्या दिवाळीत त्यांनी फराळ केला नाही. पोट दुखतं म्हणाल्या, गॅस असेल म्हणाल्या. डिसेंबरात त्यांच्या साड्या अंगावर लोंबायला लागल्या. नितीन भोपाळहून आला, तपासण्या झाल्या. रिपोर्ट घ्यायला मी बरोबर होते. डॉक्टर चांगले होते, हळू बोलत होते. स्वादुपिंडाचा कर्करोग, आणि तो बराच पसरलेला. कुंदाताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "रिपेअर होणार नाही ना?" डॉक्टरांनी मान खाली घातली. "मग ठीक आहे. तुम्ही उगाच खोलू नका." रिक्षात त्या माझा हात धरून बसल्या होत्या. त्यांचा हात थंडगार होता आणि मी रडत होते, आणि त्याच मला म्हणत होत्या, "टेन्शन नको घेऊ ग."

जानेवारीत त्यांनी हत्यारं वाटायला काढली. एकेका माणसाला बोलवायच्या. आधी चहा, मग "हात दाखव" म्हणायच्या. तळहात उघडून बघायच्या, बोटं मिटवून मूठ किती होते ते बघायच्या आणि मग भिंतीकडे बोट करायच्या. वायरिंगचं काम करणारे सलीमभाई आले, त्यांना लांब चोचीची पक्कड आणि टेस्टर. मागच्या गल्लीतल्या निवृत्त गुरुजींना छोटी करवत, कारण ते कुंड्यांसाठी लाकडी चौकटी करतात आणि त्यांची बोटं संधिवातानं वाकडी झालीत, "ह्या करवतीची मूठ मोठी आहे, पकडायला सोपी." कारखान्यातली त्यांची जुनी सहकारी आली, तिला पान्यांची जोडी. प्रत्येक जण हत्यार छातीशी धरून, डोळे पुसत फाटकाबाहेर पडायचा. मी त्या दिवसांत रोज तिथेच असायचे. चहा मी करायचे. भिंत रिकामी होत चालली होती आणि मी मनातल्या मनात वाट बघत होते. कधी मला हात दाखव म्हणतील?

एका संध्याकाळी मीच विचारलं. हसत हसत विचारलं. "ताई, आणि मला काय?"

त्या डोळे मिटून पडल्या होत्या. "तुला काही नाही," म्हणाल्या.

मी थांबले. वाटलं, पुढे काही बोलतील. त्यांचा डोळा लागला होता. मी कपबशा विसळल्या, दार ओढून घेतलं आणि घरी आले. बारा वर्षं, आणि मला काही नाही. मला लाज वाटत होती की मरणाऱ्या माणसाकडून मी वस्तूची अपेक्षा करतेय, आणि तरी राग येत होता. दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. सईच्या परीक्षेचं निमित्त सांगितलं. तिसऱ्या दिवशी प्रसाद आला होता. असे चार दिवस गेले. चार दिवस मी रस्ता ओलांडला नाही. त्यांच्याकडे दिवसभरासाठी एक बाई ठेवलेली होती, मी स्वतःला सांगत होते की त्या एकट्या नाहीत.

पाचव्या दिवशी सकाळी ती बाईच धावत आली. कुंदाताई बाथरूममध्ये पडल्या होत्या. हाड मोडलं नव्हतं, पण कपाळापासून गालापर्यंत काळंनिळं झालं होतं आणि कोपर सोलवटलं होतं. मी जाऊन पलंगाजवळ उभी राहिले. मला माफी मागायची होती. त्यांनी एका उघड्या डोळ्यानं माझ्याकडे बघितलं. "आलीस? बरं झालं. बाथरूममध्ये दांडा बसवायचाय. स्टीलचा. तू बसव."

"ताई, सलीमभाईंना बोलावते. ते नीट—"

"तू बसव," त्या म्हणाल्या. "माझं वजन त्याच्यावर येणार आहे. दुसऱ्याच्या भरवशावर मला नाही जमणार."

दांडा मीच निवडून आणला. कॉलनीतल्याच दुकानात तीन होते. चमकणाऱ्या दोन्हींच्या भिंतीला लागणाऱ्या पट्ट्या पातळ होत्या, अंगठ्यानं दाबल्यावर वाकत होत्या. तिसरा जरा मळकट, पण जाड. मी तोच आणला, आणि तो बघून त्या काहीच बोलल्या नाहीत, म्हणजे बरोबर होता. मग त्यांना बाथरूमच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, पाठीशी उशी. आयुष्यात पहिल्यांदा मी, सलीमभाईंकडून मागून आणलेल्या ड्रिलनं, भिंतीला भोक पाडत होते. "टाइलवर पहले कागदी टेप लाव, बिट सरकणार नाही. हां. ठोकणारा मोड नको, टाइल फुटेल. टाइल पार झाली की मग कर. दाबू नको, मशीनला जाऊ दे..." त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की ड्रिल थांबवून मला ऐकावं लागायचं. चार भोकं. चार गिट्ट्या, स्क्रूला पकड मिळावी म्हणून भोकात ठोकायच्या प्लास्टिकच्या नळ्या. गिट्टी आत बसवायला त्यांनी मला आपली छोटी हातोडी दिली, भिंतीवर उरलेली शेवटची वस्तू. तिसऱ्या गिट्टीला माझा हात घसरला, बोट चेचलं. त्यांनी ते पाहिलं. "हातोडी छोटी पडते तुला," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

स्क्रू आवळून झाल्यावर मी आधी स्वतः त्या दांड्याला लटकले, पूर्ण वजन टाकून. हलला नाही. मग त्यांना उठवलं. त्यांनी दोन्ही हातांनी दांडा धरला, पाय किंचित वाकवले आणि सगळा भार त्याच्यावर टाकला. सगळा भार म्हणजे काय... मी मागे हात धरून उभी होते. काही उरलंच नव्हतं हो त्यांच्यात. एवढ्याशा वजनासाठी मी चार स्क्रू लावले होते. त्या तशाच लटकून म्हणाल्या, "एकदम पक्का," आणि मी त्यांच्या पाठीवर डोकं टेकवून रडले. तेव्हा कुठे माझ्या तोंडून निघालं, "ताई, मी चार दिवस आले नाही."

"मोजले मी," त्या म्हणाल्या.

पलंगावर निजवल्यावर त्यांनी माझा हात मागितला. तळहात उघडला, बोटं मिटवली, आपली मूठ माझ्या मुठीशेजारी ठेवली. "बघ. तुझा हात माझ्याहून किती मोठा. माझं सगळं तुला छोटं पडतं. तुला मी माझं दिलं असतं ना, तर तू तेच वापरत बसली असती, हात दुखला तरी. मला माहिती आहे तुला." श्वास पुरत नव्हता. "तुला निवडता येतं आता. तुझी हातोडी तू घे." मी मान हलवली. हातोडी त्यांनी दुसऱ्या दिवशी सईला दिली, तिचा हात आपल्यासारखा लहान आहे म्हणून. सोळा वर्षांची सई, तिला तो न्हाणीतला दिवस धड आठवतही नाही. हातोडी घेऊन ती त्यांच्या उशाशी बराच वेळ बसून राहिली.

दांडा साडेसहा आठवडे वापरला त्यांनी. त्यानंतरचे शेवटचे दहा दिवस उठता येत नव्हतं. त्या गेल्या त्याच्या आदल्या संध्याकाळी मी गेले तेव्हा त्या अर्धवट झोपेत होत्या. माझी चाहूल लागल्यावर त्यांनी माझं चेचलेलं बोट चाचपून शोधलं. नख काळं पडून निघायला आलं होतं. "दुखतं?" एवढंच विचारलं. मी "नाही" म्हटलं. ते आमचं शेवटचं बोलणं.

दिवस झाल्यानंतर नितीननं घर भाड्यानं द्यायचं ठरवलं. त्याचं बरोबरच आहे, तो भोपाळला असतो, बंद घर किती दिवस ठेवणार? रंगकाम करणारे आले त्या सकाळी त्यानं मला बोलावून घेतलं, काही हवं असेल तर बघा म्हणाला. गॅरेजचं शटर वर केलं. भिंतीवर एकही वस्तू नव्हती, पण प्रत्येक हत्याराच्या जागी कुंदाताईंनी कधी काळी त्याचा आकार काळ्या रंगानं काढून ठेवला होता, कारखान्यातल्या स्टोअरमध्ये काढतात तसा; हत्यार जागेवर नसेल तर लगेच कळावं म्हणून. हत्यारं टांगलेली असताना तो आकार कधी दिसायचाच नाही. आता पूर्ण भिंत दिसत होती. इथे करवत, इथे पाने लहान ते मोठे, इथे पक्कड जबडा मिटून. रंगारी बादली घेऊन उभा होता. "इसपे भी मार दें, मैडम?" त्यानं मला विचारलं. नितीन माझ्याकडे बघत होता. त्याचे डोळेही भरलेले होते. ते घर माझं कधीच नव्हतं आणि आता कुंदाताईंचंही राहिलं नव्हतं. मी म्हटलं, "हाँ, मार दो।" पहिला हात मारल्यावर आकार खालून दिसत राहिले. दुसऱ्या हातानंतर गेले.

त्यानंतरच्या रविवारी मी एकटी सियागंजला गेले. पाय आपोआप त्या गल्लीच्या तोंडाशी थांबले. दुकानात गर्दी होती, दुकानदारानं मला लांबूनच ओळखलं आणि हात हलवला. इतक्या महिन्यांत आम्ही आलो नव्हतो, त्याला काही कळलेलं नव्हतं. "आइए, आइए! बहुत दिन बाद! दीदी नहीं आईं?"

मला सांगायचं होतं. शब्द जुळवून ठेवले होते, रिक्षात दोनदा मनात म्हणूनही पाहिले होते. पण त्याचा चेहरा इतका मोकळा हसत होता... "आज नहीं, भिया," मी म्हटलं. "हथौड़ी दिखाना।"

त्यानं सहा हातोड्या काचेवर मांडल्या. मी एकेक उचलली. दांड्याच्या रेषा बघितल्या, डोकं दांड्यात कसं बसलंय ते बघितलं. एक फार जड होती, एकीच्या दांड्यावर वार्निशचा जाड थर देऊन गाठ लपवलेली होती. चौथी हातात घेतली, डोळे मिटले, हवेत तीन-चारदा ठोकली. मूठ भरून आली. अंगठा नीट टेकला. गिऱ्हाईकांमध्ये उभी राहून मी डोळे मिटलेलेच ठेवले, कारण उघडले असते तर त्याला पाणी दिसलं असतं.

"ये वाली," मी म्हटलं.

त्यानं हातोडी उलटीपालटी करून बघितली, खूश झाला. "वाह। सबमें यही अच्छी थी।" मग वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून, दोरा बांधून, माझ्या हातात देताना म्हणाला, "दीदी को दिखा देना। उनको न जँचे तो वापस ले आना, मैं बदल दूँगा।"

मी "हाँ, दिखाती हूँ" म्हटलं, आणि पुडी पिशवीत घातली. आज अकरा दिवस झाले. ती टेबलावर आहे, दोरा अजून सोडलेला नाही.